दहापैकी दोन

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे वळवला आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला. 6.3. "दारात उभी आहे, अजून आत आलेली नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "चहा किती होतो दिवसाचा?" मी म्हटलं, तीन. शेजारी बसलेल्या हिने घसा खाकरला. मी म्हटलं, चार. तिने पुन्हा खाकरलं. सातवर तिचा घसा मोकळा झाला.

"दूध-साखर बंद. चहा हवा तर प्या, पण कोरा. ग्रीन टी, हर्बल टी, हल्ली सगळं मिळतं."

आता माझं आणि चहाचं नातं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी एस.टी.त कंडक्टर होतो, 31 वर्षं. आंबोली, फोंडा, करूळ, आंबा हे सगळे घाट माझ्या पोटात चहाच्या रूपाने जमा आहेत. डोळे बांधून कप हातात द्या, घाटाच्या वरचा की खालचा ते सांगतो, असं मी आयुष्यभर चारचौघांत म्हणत आलो. कुणी कधी डोळे बांधले नाहीत, त्यामुळे ते खपून गेलं. घरच्या चहाची तर बातच सोडा. हिच्या हातचा, बाजारातल्या एकाच दुकानातली सुटी पूड, ठेचलेलं आलं, आणि पावसाळ्यात न्हाणीमागच्या गवती चहाची दोन पाती. लग्नाला 34 वर्षं झाली, पुडीचं दुकान बदललेलं नाही.

वेंगुर्ल्याच्या बाजारातून मी ग्रीन टीचं पाकीट आणलं आणि ज्या पद्धतीने चहा करतात त्या पद्धतीने केला. म्हणजे टोपात पाणी, आधण, पूड, आलं, आणि वर झाकण ठेवून पाच मिनिटं रटारटा. जे तयार झालं ते लहानपणी जंत झाल्यावर आई नाक दाबून पाजायची त्याची आठवण करून देणारं होतं. तीन दिवस मी ते औषध म्हणून प्यायलो. चौथ्या दिवशी पुण्याहून पुतणी आली, टोपात डोकावली आणि स्वतःचं कपाळ धरून पायरीवर बसली.

ती दरवर्षी मे महिन्यात आंबे खायला येते. या वेळी येताना आंब्याच्या पेटीएवढं खोकं घेऊन आली होती. तिने चहा चाखण्याचा कसलासा कोर्स केलाय. माझी साखर तिला फोनवर कळली होती, आणि आमच्या खानदानात कुणाच्याही दुखण्यावर उतारा शोधताना शोधणाऱ्याची हौस आधी भागते. खोक्यात अकरा पाकिटं होती. "काका, कोरा चहा म्हणजे शिक्षा नाहीए. आपण नीट टेस्टिंग करू, तुम्हाला कुठला आवडतो ते शोधू."

"बारावा आपला घरचा ठेव," मी म्हटलं. "आणि माझे डोळे बांध. घरचा ओळखला नाही तर नाव लावणार नाही."

हे वाक्य हिने ऐकलं. ती खोबरं किसत होती. किसणीचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

शास्त्र पुतणीने आधी समजावलं. ग्रीन असो की काळा, झाड एकच. पान खुडल्यावर लगेच गरम केलं, चीनमध्ये कढईत परतून, जपानात वाफ देऊन, तर ते हिरवं राहतं. तसं न करता चुरगाळून हवेवर ठेवलं तर काळं पडतं, चिरून ठेवलेलं वांगं पडतं तसं. हिरव्या पानाला उकळतं पाणी सोसत नाही. त्याला 75-80 अंशांचं पाणी, आणि दोन मिनिटांत गाळायचं. नाहीतर सगळा तुरटपणा पाण्यात उतरतो. माझ्या टोपात तो उतरून वर शेजारच्या वाडीपर्यंत गेला होता.

80 अंश मोजायचे कशाने? घरात थर्मामीटर एकच, तापाचा, आणि तो 42ला हात टेकतो. पुतणी फोनमध्ये काहीतरी शोधू लागली. हिने टोपात एकदा बघितलं, "बुडाला बारीक बुडबुडे धरलेत, अजून सुटले नाहीत, उतरव," म्हणाली आणि आत गेली.

काळ्या चहासाठी तर आंतरराष्ट्रीय मानकच आहे म्हणे, आयएसओ 3103, सन 1980. 100 मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पूड, पाणी उकळतं, सहा मिनिटं झाकून, भांडं पांढऱ्या चिनीमातीचं. मूळ ब्रिटिशांचं. त्यांनी चहा कसा करावा यावर सहा पानं लिहिली, आणि 1999 साली त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात ते, साहित्याचं. आमच्याकडे ही सहा पानं "आधण आलं की टाक" एवढ्यात बसतात. पांढऱ्या चिनीमातीसाठी लग्नात आलेला कपांचा सेट कपाटातून निघाला. तो ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता ते वाचण्यात माझी वीस मिनिटं गेली.

पाण्याचा प्रश्न उरला. आमची विहीर खाडीकडच्या अंगाला, मे महिन्यात तिचं पाणी मचूळ होतं. पुतणी चिंतेत पडली. मग तिनेच शोधून काढलं की चहा जिथे प्यायचा तिथल्या पाण्यासारखंच पाणी वापरावं, असं मानक सांगतं. त्या हिशेबाने आम्ही अगदी नियमात होतो. जगात मीठ घातलेला दार्जिलिंग नियमानुसार पिणारे आम्हीच असू.

शेजारचे तात्या पंच म्हणून आले. ते कलमवाले आहेत, आणि आंबा उतरला की दुपारी त्यांना काम नसतं. पुतणीने सांगितलं की चाखणारे लोक चहा गिळत नाहीत. मोठ्ठा भुरका मारतात, म्हणजे तो फवाऱ्यासारखा जिभेवर आणि वास नाकाकडे जातो, आणि मग थुंकतात. मी हिच्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून ती मला भुरका मारू देत नाही. पाहुण्यांत तर बशीसुद्धा नाही. आणि इथे शास्त्राने लेखी परवानगी दिलेली. मी जो पहिला भुरका मारला त्याला पडवीतलं मांजर उठून गेलं.

थुंकायला आजोबांचं पितळी तस्त माळ्यावरून काढलं. तात्या पान खाणारे, त्यांची नेमबाजी बघण्यासारखी. बसल्या जागेवरून, थेंब बाहेर नाही. मला मात्र विकत घेतलेला चहा थुंकणं जमेना. मी गिळत गेलो. त्याचं फळ रात्री मिळालं.

हिरव्यांपैकी हिमाचलातला कांगडा चहा गवतासारखा, पण सज्जन होता. दुसरा जपानी, सेंचा. कप तोंडाजवळ नेला आणि मी थबकलो. हा वास मला माहीत होता. ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या खडपाचा, शेवाळाचा तो वास. तात्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "चेडवा, ह्यात कालवां उकडलंस काय?" पुतणी मात्र खूश झाली. सेंचाला समुद्राचा वास येणं हा गुणच, आणि समुद्री शेवाळात जो गंधकयुक्त वायू असतो तोच यातही असतो, असं ती म्हणाली. घरासमोर तो फुकट येतो, दिवसातून दोनदा. तात्यांनी तस्ताकडे नेम धरला.

मग हर्बल. यात चहाचं पान औषधालाही नसतं, तरी चहा म्हणायचं. कॅमोमाइलवर तात्यांचं मत, "देवाक चढवलेली शेवती पाण्यात बुडवल्यासारखी लागता." दोन्ही फुलं एकाच कुळातली निघाली, तेव्हा तात्यांची जीभ खरी. जास्वंदीचा चहा लालभडक आणि आंबट. मला वाटलं, गणपतीला वाहतो तीच जास्वंद. तर नाही, ती अंबाडीची बहीण. चव म्हणाल तर सोलकढी करायला बसलं आणि नारळ फोडायला विसरलं. निळा चहा गोकर्णीच्या फुलांचा. त्यात लिंबू पिळलं की तो जांभळा होतो. हा प्रकार तात्यांनी चार वेळा करून बघितला. चव विचारली तर म्हणाले, "चव खंय हा?" पाकिटावरची किंमत वाचल्यावर ते उठले आणि आपल्या वईवर, म्हणजे कुंपणावर, किती गोकर्ण आहे ते मोजायला गेले. शेवटचं पाकीट गवती चहाचं, सुकवून, कातरून, रेशमी दिसणाऱ्या तिकोनी पिशव्यांत. मी पडवीतून मागे बोट दाखवलं. न्हाणीच्या सांडपाण्यावर कमरेएवढं वाढलेलं बेट वाऱ्यावर हलत होतं. पुतणीने ते पाकीट मुकाट्याने खोक्यात परत ठेवलं.

आता काळे. पाच पुण्याचे, एक घरचा. माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला. तात्या वईवरून परत येऊन निकाल लिहायला कागद घेऊन बसले.

पहिला निलगिरी, साधा, स्वच्छ, आठवड्याच्या बाजाराला जाऊन काहीच न घेता आल्यासारखा. सहा मार्क. दुसऱ्याला ईडलिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेल्या पुडीचा वास. तो अर्ल ग्रे, त्यात बर्गामोट नावाच्या लिंबाचं तेल असतं. पाच. तिसऱ्याला मी थांबलो. साखर नाही, दूध नाही, आणि तरी काहीतरी गोड, पिकल्या द्राक्षासारखं, घोट गेल्यावर मागे राहणारं. आठ दिले. तो दार्जिलिंग, मे-जूनमधल्या खुडीचा.

"त्या खुडीची चव तुडतुड्यांमुळे येते," पुतणी म्हणाली.

तात्यांचं पेन थांबलं. "कोणामुळे?"

तुडतुडे पानाचा रस शोषतात. झाड त्याला विरोध म्हणून पानात काही सुवासिक द्रव्यं तयार करतं, आणि तोच सुवास कपात उतरतो. त्यामुळे भाव वाढतो.

पडवीत शांतता पसरली. पंच्यातूनही मला तात्यांचा चेहरा दिसला. यंदा त्यांचा अर्धा मोहोर तुडतुड्याने खाल्ला होता. कलमांखाली उभं राहिलं तर पानांवरचा चिकटा अंगावर गळायचा. किती फवारण्या, किती उधारी. आणि तिकडे त्याच कुळातला किडा पानाला चावतो तर गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं.

"माझ्या कलमांवरचे फुकट घेवन जावा म्हणा," तात्या शेवटी म्हणाले. "खोक्यात भरून देतंय."

चौथा कप. घोट घेतला मात्र, जीभ टाळ्याला चिकटली. कच्चं केळं चावल्यासारखी. उग्र, कोरडा, बोलायला आला की भांडूनच जाणारा. "संस्कार नाहीत याला," मी जाहीर केलं. "पुण्यात कुणीतरी फसवलंय तुला. दहापैकी दोन." पुतणी काही बोलली नाही. कागदावर पेन चाललं.

पाचवा आसामचा. तोही दांडगा, पण आवाज खाली ठेवून बोलणारा. पाच.

सहावा. वास आला आणि घशात आवंढा आला. धूर. ओली सोडणं, चुडतं, पितळी टोपाचं काळं बूड, फुंकणीने लाल झालेले आईचे डोळे. मी पंचा काढायच्या आधीच ओरडलो, "हा! हा घरचा! हा मी मेल्यावरसुद्धा ओळखीन!" दहापैकी दहा. वर अर्धा.

पंचा काढला. समोर पुतणी, तिच्या हातात पाकीट. चीनमधल्या फुजियान प्रांतातला लापसांग सुचोंग. पानं पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. आईचा चहा धुरकटला की बाबा तो अंगणात ओतायचे. चिनी माणसाने तोच धूर मोजून देऊन भलत्या भावाने विकायला काढला होता.

"मग घरचा?"

तात्यांनी कागद माझ्याकडे वळवला. चौथ्या कपापुढे, त्यांच्या तिरक्या अक्षरात : 2. शेरा : संस्कार नाहीत.

पुतणीने बाजू सावरायचा प्रयत्न केला. घरची पूड म्हणजे सीटीसी, दातेरी रुळांतून पान चेचून, फाडून, वळवून दाणा करतात. 1930च्या सुमाराला आसामात हे यंत्र निघालं. त्याला रंग झटकन सुटतो आणि कडकपणाही. ती पूड दुधासाठीच असते. दुधातलं प्रथिन तिचा तुरटपणा धरून ठेवतं, म्हणून चहा मऊ लागतो. "काका, तुम्ही ती दुधाशिवाय कधी प्यायलाच नाहीत, ओळखणार कशी?" खरं होतं. 34 वर्षं मी तिला भरजरी शालूतच पाहिलं होतं. घरातल्या साध्या लुगड्यात समोर आली आणि मी विचारलं, कोण आपण?

हे मी मोठ्याने बोललो नसतो तर बरं झालं असतं.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराला हात पुसत एवढंच म्हणाली, "सासूबाईंचा बरोबर ओळखलात," आणि आत गेली.

रात्री मी टक्क जागा. न थुंकलेले सगळे कप पोटात एकमेकांची ओळख करून घेत होते. समुद्राची गाज, आंब्यावर वटवाघळांची झटापट, माळ्यावर उंदीर. पहाटे अडीचला भरती लागल्याचं मला आवाजावरून कळलं. शेजारी ही अगदी गाढ झोपली होती, आणि गाढ झोपलेलं माणूस इतकं सरळ ताठ झोपत नाही हेही मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी चारला पडवीत चहा आला. पुतणीला, तात्यांना आणि तिला स्वतःला नेहमीचा, आलं घातलेला, वर साय धरू पाहणारा. माझ्यासमोर लग्नाच्या सेटमधला पांढरा कप, त्यात कोरा, काळसर, आणि धुराचा वास. "तुमचा घरचा," ती म्हणाली.

पुतणी रविवारी पुण्याला गेली. जाताना खोकं इथेच ठेवून गेली, दार्जिलिंगचं पाकीट सोडून. ते तात्यांनी मागून घेतलं, कशाला ते सांगत नाहीत. तो निकालाचा कागद चहाच्या डब्याला चिकटवलेला आहे. रोज चारला मला पांढरा कप मिळतो.

लापसांगचं पाकीट 100 ग्रॅमचं आहे. मानकाप्रमाणे कपाला दोन ग्रॅम. परवा ती बाजारात गेल्यावर मी हिशेब केला. अजून 43 कप.