आता नटायचं कोणासाठी?

रिटायर झालेली माणसं एक वाक्य हमखास बोलतात, "आता नटायचं कोणासाठी?" माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तरी हे मला ऐकवलंय, आणि म्हणताना चेहऱ्यावर भाव असा की जणू संन्यासच घेतलाय. मला हसू पण येतं आणि जरा रागही येतो. म्हणजे इतकी वर्षं नटत होतात ते कोणासाठी हो? बॉससाठी? दारातल्या त्या हजेरीच्या मशीनसाठी? ती तर बिचारी फक्त अंगठा बघायची.

जरा आठवून बघा. ऑफिसला जाताना इस्त्रीचे कपडे, मॅचिंग, परफ्यूमचा एक फवारा, लिफ्टच्या आरशात शेवटची एक नजर. आणि घरी आल्यावर? रंग उडालेला गाऊन, केसांना क्लचर, आणि समोरच्या खुर्चीत भोकं पडलेला बनियन. म्हणजे ज्याच्याशी लग्न केलं त्याच्या वाट्याला हे ध्यान, आणि ज्यांची आडनावं पण आता पटकन आठवत नाहीत त्या लोकांना सगळं छान छान. आमच्या अख्ख्या पिढीने हा व्यवहार विनातक्रार केला, कोणाला त्यात काही खटकलं सुद्धा नाही.

आता दोघंही घरी आहोत. हे माझ्या आधी रिटायर झाले, मग मी. आणि पहिल्यांदा लक्षात आलं की लग्नाला इतकी वर्षं झाली म्हणतो खरं, पण दिवसाउजेडी एकमेकांना बघितलंय कधी? जागेपणीचे 16 तास धरा, त्यातले 9 ऑफिसचे, 2 जाण्यायेण्याचे, उरलेल्या 5 मध्ये घरकाम, मुलांचा अभ्यास, बिलं, बातम्या. नवरा-बायको म्हणून समोरासमोर बसायला किती वेळ उरतो ते तुम्हीच काढा, मी काढला नाही, मूड जाईल. रविवार होते म्हणा, पण रविवारी आठवड्याचे कपडे धुवायचे असायचे.

तर हे असं सगळं असताना "आता कोणासाठी" म्हणणं मला अजिबात पटत नाही. उलट आत्ता कुठे योग्य प्रेक्षक मिळालाय!

आणि हा काळ काही छोटा नाही बरं का. जर्मनीत तेव्हाचा सरकारप्रमुख बिस्मार्क याने 1889 मध्ये म्हातारपणीच्या पेन्शनचा कायदा आणला तेव्हा वयाची अट होती 70, ती 1916 मध्ये 65 वर आली. त्या काळात त्या वयापर्यंत पोचणारेच कमी, त्यामुळे पेन्शन म्हणजे शेवटच्या थोड्या वर्षांची सोय. गंमत म्हणजे कायदा झाला तेव्हा हे बिस्मार्कसाहेब स्वतः सत्तरी ओलांडून खुर्चीत बसलेलेच होते, 1890 मध्ये नव्या सम्राटाशी बिनसलं तेव्हा कुठे त्यांना राजीनामा द्यावा लागला. स्वतःहून घरी बसावंसं त्यांनाही वाटलं नाही! असो. आज साठीत रिटायर झालेला माणूस तब्येत बरी असेल तर आरामात 20-25 वर्षं घरात असतो. 25 वर्षं भोक पडलेला बनियन बघायचा म्हणजे काय चेष्टा आहे का?

दिसण्याबद्दल म्हणाल तर निसर्ग आपलं काम इमानदारीत करतोच. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं म्हणून जवळचं दिसत नाही, केसांना रंग देणाऱ्या पेशी संपत येतात, मणक्यातल्या चकत्या चपट्या होतात म्हणून उंची पण जरा कमी होते. एवढं सगळं आकसत असताना एक गोष्ट मात्र वाढते, कान. खरंच! जेम्स हीथकोट नावाच्या एका इंग्लिश डॉक्टरने 206 पेशंटचे कान मोजले आणि 1995 मध्ये छापलं की कान वर्षाला सरासरी 0.22 मिलिमीटरने लांब होतात. त्याला पुढे 2017 मध्ये इग नोबेल पण मिळालं, ते आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. म्हणजे 35 वर्षं नोकरी केली तर पाऊण सेंटिमीटर कान वाढले. ह्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "चला, काहीतरी वाढ तरी वेळच्या वेळी मिळाली." आणि वर, "पण ऐकू मात्र कमीच येतं." ते मला माहितीये, फक्त मी बोलते तेव्हाच कमी येतं.

अजून एक मस्त प्रयोग आहे, 1977 मधला, अमेरिकेतला. मुलींचे फोटो काढले आणि प्रत्येक फोटोच्या दोन प्रती केल्या, एक सरळ आणि एक आरशात दिसतो तसा उलटा. जिचा फोटो तिला बहुतेक वेळा उलटा आवडला, आणि तिच्या जवळच्या माणसांना सरळ. कारण साधं आहे, ज्याला जो चेहरा बघायची सवय त्याला तो आवडतो. मला हे वाचल्यापासून इतकी मजा वाटतेय, म्हणजे मी रोज आरशात बघून ज्या चेहऱ्याची काळजी करत बसते तो चेहरा ह्यांनी कधी बघितलेलाच नाही, भांग तिकडे, तीळ तिकडे, सगळंच उलट. ह्यांच्या डोळ्यासमोर जी बाई वावरते तिला मी फक्त फोटोत बघते आणि दर वेळी म्हणते, शी, किती वाईट आलाय, डिलीट करा. ते मात्र डिलीट करत नाहीत. फोन भरला तरी करत नाहीत.

नवरा-बायको हळूहळू सारखे दिसायला लागतात असं म्हणतात ना, त्यावर पण अभ्यास झालेत. 1987 मध्ये रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लग्नाच्या वेळचे आणि 25 वर्षांनंतरचे फोटो अनोळखी लोकांना दाखवले आणि म्हणाले हो, साम्य वाढतं. मग 2020 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाचशेहून जास्त जोडप्यांवर तपासलं तर साम्य वाढताना दिसलंच नाही, मुळात आधीच थोडंफार सारखं दिसणारीच माणसं एकमेकांना निवडतात असं निघालं. ह्यावर आमच्या घरात एक संपूर्ण संध्याकाळ वाद. शेवटी ह्यांचं म्हणणं, "म्हणजे तुझ्या नाकाला मी जबाबदार नाही." बघा, रोमान्स असा असतो आमच्याकडे.

लेकीच्या पिढीचं वेगळंच. ती आणि जावई फोन ठेवताना दर वेळी "लव्ह यू, बाय". दिवसातून पाच फोन तर पाच वेळा. सुरुवातीला मला वाटायचं ह्या दोघांना काही झालंय की काय, कोणी दवाखान्यात आहे का. आमच्यात फार तर "पोचल्यावर फोन कर", आणि फोन आला की "हं, पोचलीस ना, ठीक आहे" की संपलं. मी काही आमचंच खरं असं म्हणणार नाही, आमच्या पिढीचं ते "न बोलता समजतं" प्रकरण जरा जास्तच कौतुकाचं होऊन बसलंय, न बोलता समजायचं त्यातलं निम्मं समजलेलं नसायचंच. पण त्यांचंही फार काही भारी आहे असं नाही. लेक तिशीच्या आतच सुरकुत्यांना घाबरून कसली कसली सीरम लावते (सनस्क्रीनबाबत तिचं बरोबर आहे, उन्हाने कातडी लवकर म्हातारी होते हे खरंय, त्यामुळे मी पण लावते). आणि घरून काम असलं की दोघं व्हिडिओ कॉलला वरून फॉर्मल शर्ट आणि खाली चुरगळलेली हाफ पँट! कमरेच्या वर ऑफिस, कमरेच्या खाली संसार. मी तिला म्हटलं, अगं आमचाच व्यवहार आहे हा, तुम्ही फक्त अर्ध्यावर आणलाय. तर म्हणते, "आई, कम्फर्ट नावाची गोष्ट असते." असते ना, माहितीये. कम्फर्टेबल कपड्याला भोकं असलीच पाहिजेत असं कुठे लिहिलंय?

परवाची गोष्ट. कुठे जायचं नव्हतं, कोणी येणार नव्हतं. हे उठले, दाढी केली, ती पण घाईतली नाही, हनुवटीखाली मान वर करून नीट, मग तो निळा शर्ट काढला आणि कॉलर आरशात दोनदा सारखी केली. मी विचारलं, "कुठे निघालात?" तर म्हणाले, "कुठे नाही." आणि पेपर घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. मी काही बोलले नाही, आमच्या पिढीची ना मी. पण आत जाऊन गाऊन बदलला.

केसांचं मात्र अजून ठरत नाहीये. डाय बंद केला तर मधले काही महिने अर्धे काळे अर्धे पांढरे असं झेब्र्यासारखं फिरावं लागतं, कारण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात, आणि चालू ठेवला तर दर दोन-तीन आठवड्यांनी भांगातली ती पांढरी रेघ आपली हजर. ह्यांना विचारलं तर "तुला आवडेल ते कर", जे उत्तरच नाही. लेक म्हणते ग्रे एकदम ट्रेंडिंग आहे, तिच्या वयाच्या मुली मुद्दाम पैसे देऊन तसा रंग करून घेतात. मी म्हटलं मला फुकट मिळतोय तर मी तो लपवायला पैसे देतेय, छान चाललंय आपलं दोघींचं. ज्यांनी डाय सोडलाय त्यांनी कमेंटमध्ये सांगा, मधले महिने कसे काढले. टोपी घाला हे सोडून सांगा.

आणि हो, तो भोकांचा बनियन मी गेल्या आठवड्यात फरशी पुसायला घेतला. अजून ह्यांच्या लक्षात आलेलं नाहीये. ही पोस्ट वाचली तर येईल, पण माझ्या पोस्ट ते न वाचताच लाईक करतात.