अवघड शब्द म्हणजे लपवाछपवी नव्हे

परवा सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला. 'ज्याला विषय कळलाय तो सोपं बोलतो. अवघड शब्द वापरणारे एक तर अज्ञान झाकतात, नाहीतर तुम्हाला लुबाडतात. आपल्या साध्या माणसांना असले शब्द कधी लागले नाहीत.' खाली पन्नास अंगठे. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात बावीस वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी अज्ञानाचं. रात्री आठला ड्यूटी बदलते. चाळीस पेशंट आणि हातात जेमतेम वीस मिनिटं. जाणारी सिस्टर म्हणते, 'बारा नंबर, पोस्ट-ऑप, एनबीएम, पेनकिलर एसओएस.' येणारीला सगळं कळतं: ऑपरेशन झालंय, तोंडाने काही द्यायचं नाही, दुखण्याचं इंजेक्शन गरज पडली तरच. 'एसओएस' ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं, 'स्टॅट'ही लॅटिनमधूनच आलेला. 'स्टॅट' म्हणजे हातातलं काम टाकून आत्ता. 'जरा लवकर द्या' म्हटलं, तर प्रत्येकीचं 'लवकर' वेगळं. विषय पक्का माहीत असलेल्या दोघीच इतकं थोडक्यात बोलू शकतात.

आणि जे शब्द घात करतात ते आम्हीच काढून टाकतो. युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' लिहिलं तर घाईत ते शून्य वाटतं आणि दहा युनिट इन्सुलिनचे शंभर होतात. म्हणून आता 'युनिट' पूर्ण लिहा असं शिकवतात.

साध्या माणसांना लागले नाहीत? डबेवाल्यांचं काम १८९० च्या सुमाराला सुरू झालं. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली चार अक्षरं-आकडे बघा: कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. डबा वाटेत अनेक हातांतून जातो आणि तरी पोचतो. आपल्याला ते वाचता येत नाही, पण त्यात आपल्यापासून काही लपवलेलं नाही.

लुबाडण्याबद्दल मात्र मेसेजला थोडं मानते. दलाल-सराफांची नंदभाषा होतीच. गिऱ्हाइकासमोर आकडे बोलायचे आणि त्यालाच कळू द्यायचे नाहीत. पण तिथे गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणं हाच हेतू. वॉर्डातली बोली काम करणाऱ्यांची आपसातली. ती नातेवाइकांच्या पुढ्यात तशीच टाकली, तर आमचं चुकतं, आणि हे मी स्वतः केलंय.

एका मुलाच्या खाटेवर मी 'एनबीएम' लिहिलेली पाटी लावली आणि पुढे गेले. सकाळी पाहते तर आई त्याला चहात बुडवून बिस्किट भरवतेय. भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जीवावर बेततं, म्हणून घन अन्नानंतर साधारण सहा तास थांबावं लागतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. ती माउली म्हणाली, 'सिस्टर, मला वाटलं डॉक्टरांचं नाव आहे.'

त्या दिवसापासून पाटीवर 'एनबीएम' तसंच ठेवलं, रात्रपाळीच्या सिस्टरसाठी. त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहायला लागले, 'काही खायला-प्यायला देऊ नका. पाणीसुद्धा नाही.' आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशेजारी बसून सांगायचं, मग त्यांच्याच तोंडून परत ऐकायचं: 'मावशी, आता काय द्यायचं त्याला?'

'काहीच नाही, सिस्टर.'