रात्री अकरानंतर जागं राहिल्याने लिव्हरमध्ये विष साठत नाही

परवा पहाटे पावणेसहाला सांगलीहून आईचा फोन. "बाराचे, एकाचे, दोनाचे, सगळे टोले ऐकले रे. आता माझ्या लिव्हरचं काय?" आवाज रडवेला. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर 'झोपेचे नियम' आले होते, आठवडाभरात मलाही तिघांनी पाठवले. त्यांत लिहिलंय: रात्री ११ ते ३ लिव्हर रक्तातलं विष काढतं, तेव्हा जागे असाल तर ते साठतं. म्हणून ९ लाच अंथरुणात शिरा. झोप आली नाही तरी उठू नका, डोळे मिटून पडून राहा. चमचाभर जायफळ दुधातून घ्या. दुपारी ४ नंतर चहा बंद.

लिव्हरला कामाची पाळी नसते, ते चोवीस तास काम करतं. दुपारी घेतलेल्या पॅरासिटामॉलचा निचरा करायला ते रात्रीचे अकरा वाजायची वाट बघत नाही. शरीरात घड्याळ असतं, लिव्हरच्या पेशींतही असतं, एवढं खरं. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पण एक रात्र डोळा लागला नाही म्हणून विष साठतं, हे त्यातून निघत नाही. अडुसष्ट वर्षांच्या बाईला घड्याळाची धास्ती घातली की तिची उरलेली झोपही उडते, आणि आईचं नेमकं तेच झालं.

मला खरा राग आहे तो 'उठू नका' या नियमाचा. आपण जितका वेळ जागे, तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेची ओढ वाढते. ती ओढ पुरेशी झाली नसताना ९ ला आडवं झालं तर माणूस नुसता कूस बदलत राहतो. आई ९ ते ५ अंथरुणात असायची, झोप जेमतेम साडेपाच तास. उरलेले अडीच तास छताकडे बघणं. असं महिनोन् महिने झालं की अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, हे मेंदूच्या अंगवळणी पडतं. मग दिवसा खुर्चीत पेंगणारी आई गादीवर पाठ टेकताच टक्क जागी.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं: मोठ्यांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे, तर निद्रानाशासाठीची खास वर्तनोपचार पद्धत. तिच्यातला एक मुख्य नियम या मेसेजच्या बरोब्बर उलटा आहे. डोळे जड झाल्यावरच आडवं व्हायचं. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं, पेंग आली की परत यायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. आईला म्हटलं, टोल्यांचं घड्याळ स्वयंपाकघरात लाव, ११ ला झोप, आणि जाग आली तर वाती वळत बस. वाटेतला दिवा मात्र चालू ठेव, अंधारात पाय अडखळायला नको.

जायफळाची चिमूट ठीक. रोज चमचाभर नको, जास्त झालं तर धडधड, मळमळ, भाससुद्धा होतात. चहाचं बरोबर आहे, मान्य. चहातलं कॅफिन मेंदूत अ‍ॅडेनोसिनची जागा अडवतं आणि पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात उरतं.

मेसेजखाली मंडळातल्या एका काकूंनी लिहिलंय, "मी अर्धी अल्प्राझोलम घेते, तुम्हीही घ्या." काकू, कृपा करून असं कुणाला सांगू नका. या वयात या गुंगी आणणाऱ्या गोळीने तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं. आणि तुम्ही स्वतः रोज घेत असाल तर हे वाचून एकदम बंदही करू नका, त्याने आकडीचे झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.