गिरणीत नाक खुपसलं

पिठाची गिरणी ही वास घेत बसायची जागा नाही, असं मला परवा माझ्याच गावात ऐकवण्यात आलं. गिरणीवाल्यानं ऐकवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. ऐकवलं ते गव्हाच्या कट्ट्यावर बसून खर्रा घोटणाऱ्या एका आजोबांनी, ज्यांचा माझ्या नाकाशी काडीचा संबंध नव्हता.

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. लग्नाला आलो होतो. पुण्यात भाकरी मिळते, पण नुकत्या दळलेल्या ज्वारीच्या गरम पिठाचा वास मिळत नाही. लहानपणी डोक्यावर डबा ठेवून घरी येताना तो झाकणाच्या फटीतून यायचा. म्हणून चुलतभावाच्या घरातली दोन किलो ज्वारी घेऊन गिरणीत गेलो. "गहू चालू हाय, गव्हावर ज्वारी टाकत नसतो," असं म्हणून गिरणीवाल्यानं ताटकळत ठेवलं. शेवटी माझा नंबर लागला. कापडी बोळ्यातून पीठ भसाभसा पडू लागलं. चटका बसेल इतकं गरम. मी मूठभर उचललं, नाकाशी धरलं, डोळे मिटले.

"सर्दी हाय काय जी?"

डोळे उघडले. आजोबा प्लास्टिकच्या पट्टीत सुपारी-तंबाखू-चुना रगडत होते. (राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. विदर्भात तोंडं रिकामी कधी दिसली नाहीत.)

"नाही, वास घेतोय."

"कायचा?"

"पिठाचा."

"काहून? खराब निंघालं काय?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता गिरणीवाल्याकडे वळून, "अबे, या पाव्हन्याचं पीठ खराब निंघालं मनते!"

गिरणीवाल्यानं पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, कोण म्हणते. मग तोच आला, चिमूट उचलून हुंगली, माझ्याकडे रागानं पाहिलं. डबा घेऊन उभी असलेली एक बाई पदर सावरत पुढे झाली. तिनंही हुंगलं. "इंजनाचा वास येते थोडासा," असा निकाल तिनं दिला. एका पोट्ट्यानं हुंगून "मले तं काईच येत नाई" म्हटलं. शेवटी आजोबा उठले, खर्रा गालात कोंबला आणि त्याच बोटांनी डब्यात हात घातला. पार मनगटापर्यंत. दोन किलो पिठाला आता खर्र्याचा वास येतो. हे मी अजून घरी कुणाला सांगितलेलं नाही.

"पीठ बेस हाय," आजोबा म्हणाले. "पन जवारी इकडची नाई. सोलापूरकडची दिसते. इकडं कोन पेरते आता?"

इथं मात्र मी गप्प झालो, कारण ते खरं होतं. कपाशी आणि खरिपाची ज्वारी हा वऱ्हाडचा जुना जोड. मग सोयाबीन आलं, आणि ज्वारीला रात्रभर मचाणावर बसून डबडे वाजवणारं कुणी उरलं नाही. रानडुकरं खालून, पाखरं वरून, रोही (नीलगाय) मधून. त्यातून वाचली तर कापणीच्या वेळचा पाऊस कणसं काळी करून जातो. 2023 हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं म्हणे. रानडुकरांना कुणी कळवलं नसावं. शहरात बसून भाकरीचे फोटो टाकणाऱ्यांना यातलं काही भोगावं लागत नाही, आणि मीही पुण्यातच राहतो, तेव्हा ओरडायचं तरी कुणावर?

बरं, आमच्या लहानपणीची ज्वारी तरी कुठली अस्सल? 1964 साली सीएसएच-1 हा ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण आला आणि आजीच्या लेखी त्यानंतरची सगळी ज्वारी 'हायब्रेट' झाली. भाकर रबरासारखी, कडब्याला ढोरं तोंड लावत नाहीत, हे ती रोज जेवताना ऐकवायची. म्हणजे ज्या वासासाठी मी चारचौघांत शोभा करून घेत होतो, त्याला आजीनं आयुष्यभर नाकं मुरडली.

"तुमी कोनाचे?" आजोबांनी आता मूळ मुद्दा काढला.

मी माझ्या आजोबांचं नाव सांगितलं.

"अस्सं! बुडा गेला नाई का तो! मंग वावर कोन वाह्यते?"

"विकलं."

"घर?"

"पडलं."

"हां." त्यांनी पिंक टाकली. "मंग पाव्हनेच म्हना की."

मी डब्याला झाकण लावलं. ते बसेना, पीठ फुगलं होतं. पैसे विचारले तर गिरणीवाल्याच्या आधी आजोबाच बोलले.

"पुन्यात एक भाकर केवढ्याले भेटते?"

"असेल तीस रुपयाला."

"दोन किलोच्या पंचवीस-तीस भाकरी कुठं नाई गेल्या." ओठ हलवत हिशेब झाला आणि ते गिरणीवाल्याकडे वळले. "अबे, पाव्हन्याजवळून दुप्पट घे. साडेसातशेचा माल नेऊन रायले ते."

आणि त्यानं घेतले.