उपग्रहाचं तापमान ‘अंदाजपंचे’ असतं का?

हवामानाच्या चर्चेत एक संदेश सतत पुढे ढकलला जातो: ‘उपग्रह तापमान मोजतच नाही. शास्त्रज्ञ पूर्ण गणितही करत नाहीत, झटपट सूत्रं लावतात. आता तर एआयच आकडे काढतं. म्हणजे सगळं अंदाजपंचे.’

उपग्रह तापमान मोजत नाही, हे खरं आहे. त्याच्यापर्यंत पोचतं ते फक्त वातावरणातून वर येणारं प्रारण, म्हणजे लहरींच्या रूपातली ऊर्जा. कार्बन डायऑक्साइड 15 मायक्रॉनच्या आसपास ते शोषतो. या पट्ट्याच्या मध्यभागी दिसणारं प्रारण वरच्या थरांतून येतं, कडेचं खालच्या थरांतून. म्हणून अनेक चॅनल, म्हणजे तरंगलांबीचे वेगवेगळे अरुंद पट्टे, एकत्र घेतले की उंचीनुसार तापमान काढता येतं. शास्त्रज्ञ लुईस कॅप्लान यांनी 1959 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1969 मध्ये निंबस-3 उपग्रहाने ती प्रत्यक्षात आणली. यात लपवाछपवी कसली?

‘पूर्ण गणित करत नाहीत’ हा आरोप मात्र नीट तपासायला हवा. युरोपच्या मेटॉप हवामान उपग्रहांवरचं आयएएसआय हे प्रारण मोजणारं उपकरण दर 8 सेकंदांत 120 वर्णपट (तरंगलांबीनुसार प्रारणाची नोंद) घेतं, म्हणजे दिवसाला जवळपास 13 लाख. प्रत्येकात 8461 चॅनल. एकेका वर्णपटासाठी तापमान आणि बाष्प गृहीत धरायचं, त्यातून कसं प्रारण येईल ते काढायचं, मोजलेल्याशी ताडायचं, दुरुस्ती करायची आणि पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत वायूंच्या शोषणरेषांचा (वायू ज्या नेमक्या तरंगलांबींवर प्रारण शोषतात त्यांचा) एकेक करून हिशोब मांडत बसलो, तर आजचा अंदाज निघायला कोणता दिवस उजाडेल कोण जाणे.

म्हणून आरटीटीओव्हीसारखी जलद प्रारूपं, म्हणजे प्रारण झटपट काढून देणारे संगणकी कार्यक्रम, आली. त्यांच्यासाठी रेषानिहाय जड गणित आधीच झालेलं असतं. शक्य तितक्या वेगवेगळ्या वातावरणांचे 83 नमुने घेऊन त्यांच्यावर ते गणित चालवतात. मग प्रत्येक चॅनलसाठी, थराथराचं शोषण तिथल्या तापमानावरून, बाष्पावरून आणि पाहण्याच्या कोनावरून सांगणारे सहगुणक बसवतात. रोजच्या कामात तेच वापरायचे. पावकी-निमकी पाठ असलेल्या दुकानदाराचा हिशोब, त्याने दर वेळी गुणाकार मांडला नाही म्हणून खोटा ठरत नाही. शिवाय या शॉर्टकटमुळे येणारी चूक बहुतेक चॅनलांत उपकरणाच्या स्वतःच्या गोंगाटाएवढी (मोजमापातल्या चढउताराएवढी) किंवा त्याहून कमी असते.

एआयचं म्हणाल तर न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली, वापरतात, आणि ते उघडपणे. अॅक्वा उपग्रहावरच्या एअर्स या अवरक्त उपकरणाच्या गणितप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत नेटवर्क फक्त पहिला अंदाज देतं. त्यानंतर भौतिकीवर आधारलेलं गणित तो अंदाज मोजलेल्या प्रारणाशी जुळवून घेतं.

राहिलं ‘अंदाजपंचे’. पूर्वज्ञान म्हणून आधीची माहिती गणितात घालावीच लागते, कारण एकाच प्रारणाला अनेक वातावरणं जुळू शकतात. पण मोजमाप स्पष्ट असेल तर ते पूर्वज्ञानाला बाजूला सारतं. 15 जानेवारी 2022 रोजी टोंगाजवळचा हुंगा ज्वालामुखी फुटला. ऑरा उपग्रहावरच्या एमएलएस उपकरणाच्या नोंदींवरून स्थितांबरात (ढगांच्या वरच्या वातावरणाच्या थरात) सुमारे 14.6 कोटी टन वाफ गेल्याचं कळलं, म्हणजे तिथल्या एकूण बाष्पाच्या दहाएक टक्के. उपग्रहांच्या काळात असं कधी दिसलं नव्हतं. नुसती सरासरी छापली जात असती तर हा आकडा आला कुठून? उलट, सुरुवातीच्या काही नोंदी इतक्या विलक्षण होत्या की गुणवत्तेच्या नेहमीच्या चाळणीत त्या अडकल्या.

टीकाच करायची तर ती वेगावर करू नका. अवरक्त साउंडरला (उंचीनुसार तापमान-बाष्प काढण्यासाठी अवरक्त प्रारण मोजणाऱ्या उपकरणाला) उंचीचे बारकावे पुसटच दिसतात आणि दाट ढगाखालचं तर काहीच दिसत नाही. भारताच्या इन्सॅट-3डी मालिकेतल्या हवामान उपग्रहांच्या साउंडरमध्ये 18 अवरक्त चॅनल असतात. जुलैत कोकणावर ढगांचा जाड थर बसला की खालच्या हवेबद्दल ते गप्प. तिथे महासंगणकावर महिनाभर रेषानिहाय गणित चालवलं तरी उपयोग नाही, कारण खालची माहिती उपकरणापर्यंत पोचलेलीच नसते. त्यासाठी सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) उपकरणं लागतात. भारत आणि फ्रान्सच्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावर 2011 मध्ये पाठवलेलं सफीर हे त्यातलंच. 183 गिगाहर्ट्झजवळचे त्याचे सहा चॅनल बहुतेक ढगांतूनही बाष्प टिपायचे, फक्त मुसळधार पावसाच्या ढगांपुढे त्यांचाही इलाज चालत नसे.