१०९८ला फोन केल्यावर मूल काढून नेतात का? खुलासा

मुंबईतल्या चाळी-सोसायट्यांच्या ग्रुपवर १०९८ या मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनबद्दल संदेश फिरतोय: ‘१०९८ला फोन केला की पोरं बालगृहात टाकतात. गप्प राहा, लहान आहे, विसरेल.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

बाल न्याय अधिनियम २०१५नुसार संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय आहे. निर्णय बालकल्याण समिती घेते, फोन उचलणारा नाही. १०९८ मोफत आहे, चोवीस तास चालतो.

लैंगिक अत्याचार असेल तर गप्प राहणंच गुन्हा ठरतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२, कलम १९ आणि २१. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी होतो, पोलीस गणवेशात नसतात.

खरी गडबड आपल्याकडून होते ती वेगळीच. आई, मावशी, शेजारीण, सगळ्या पुन्हा पुन्हा विचारतात. मूल घाबरतं, उत्तरं बदलतात. एकदाच ऐका. त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. घटना ताजी असल्यास कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो.

आणि ‘विसरेल’? बोलता न येणारं मूलही झोपेतून दचकतं, अंथरूण ओलं करतं. त्याला रागावू नका.