म्हणे, पॉझिटिव्हली घे!

सकाळपासून डोकं फिरलंय. एका नवीन पोराच्या पहिल्याच अल्बमचा रिव्ह्यू वाचला, अक्षरशः सोललाय त्याला. तेही एकवेळ चालेल, पण खाली कमेंटमध्ये जो तो त्या पोरालाच अक्कल शिकवतोय. "कलाकाराने कातडी जाड ठेवावी." "टीका पॉझिटिव्हली घे मित्रा." अरे, बॉसने मेलमध्ये एक ओळ तिरकी लिहिली तर रात्रभर झोप लागत नाही तुम्हाला, आणि तो मेल कुठे पेपरात छापून येत नाही!

माझी एक मैत्रीण गाते. नाव नाही सांगत, तिला आवडणार नाही. एका कार्यक्रमानंतर तिच्याबद्दल छापून आलं की तार सप्तकात (म्हणजे वरच्या पट्टीत) आवाज फाटतो, रियाज कमी पडतोय. बास, एवढंच, बाकी सगळा लेख दुसऱ्या कलाकारांवर. पण त्यानंतर तार षड्ज, म्हणजे वरचा सा, जवळ आला की तिला आधी ती ओळ आठवायची, गळा आवळायचा आणि मग खरंच फाटायचा. आधी असं होत नव्हतं हो! म्हणजे त्या दिवशी फाटला होता, सर्दी होती, समीक्षकाने ऐकलं ते लिहिलं, मान्य. पण पुढचे कितीतरी महिने जे फाटलं त्याचं काय?

आणि हे फक्त कच्च्या लोकांचं होतं असं समजू नका. रशियन संगीतकार रखमानिनोव्हची पहिली सिंफनी १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला वाजली, तीही धड तालीम न करता, आणि समीक्षक सेझार क्युईने तिची तुलना इजिप्तवर आलेल्या सात संकटांशी केली. झालं, जवळपास तीन वर्षं त्या माणसाच्या हातून धड काही लिहून झालं नाही. शेवटी डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे उपचार घेतले तेव्हा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) पूर्ण झाला, तो १९०१ चा, आणि तो त्याने अर्पण केलाय कुणाला? डॉक्टरांना! दुसरा रशियन संगीतकार चायकोव्हस्की, त्याच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोवर समीक्षक हान्सलिकने १८८१ मध्ये जे जहरी लिहिलं ते तर चायकोव्हस्कीला पुढे पाठ होतं म्हणे. पाठ! सांगा आता त्यांना, इग्नोर कर म्हणून. वाजवून वाजवून बोटांना घट्टे पडतात तेवढे पुरे की, मनालाही पाडायचे का?

बरं, नुसतं वा वा करणारेही गाणं बिघडवतात, हेही खरंय. पुढे.

मला सगळ्यात आवडतो जर्मन संगीतकार माक्स रेगर. १९०६ मध्ये त्याने एका समीक्षकाला पत्र लिहिलं, अर्थ असा की मी घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीत (संडासात हो!) बसलोय, तुमचा लेख माझ्या समोर आहे, थोड्याच वेळात तो माझ्या मागे असेल. 😂 मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

पण तिला बाहेर काढलं ते या किश्शाने नाही, माझ्या बडबडीने तर नाहीच नाही (मी त्या समीक्षकाला फोन करायला निघाले होते, तिनेच अडवलं). तिच्या गुरुजींनी त्या लेखाचा विषयच काढला नाही. नुसता खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावून घेतला, रोज, आणि वर जाऊच देईनात. ती चिडायची, रडायची, मला फोन करून त्यांच्याच तक्रारी सांगायची. मग एक दिवस बंदिशीच्या नादात वर जाऊन खाली आली आणि तिला कळलंही नाही, गुरुजी म्हणाले, "चला, अंतरा घ्या." (अंतरा म्हणजे बंदिशीचा वरच्या सुरांत जाणारा भाग.)

ते कात्रण अजून आहे तिच्याकडे, तंबोऱ्याच्या गवसणीच्या खिशात. फेकून दे म्हटलं तर म्हणते, राहू दे, आता त्रास देत नाही. माझा काही विश्वास नाही बसत, पण असो, गळा तिचा आहे.

लिस्टमध्ये गाणारे-वाजवणारे बरेच आहात. तुम्ही काय करता, ठेवता, जाळता की रेगर करता? लिहा. समीक्षक मंडळींनीही लिहा, फक्त जरा जपून, ती ही पोस्ट वाचणार आहे.